अनुभव धागा : ‘गॅस असेल गं’

गेल्या महिन्यात माझ्या मावशीची सहावी केमो झाली. बांबोळीच्या इस्पितळात तिच्यासोबत बसून असताना आजूबाजूच्या बायकांशी बोलणं व्हायचं. जवळजवळ प्रत्येकीची सुरुवात एकाच वाक्याने: ‘आधी गॅसच वाटला.’ म्हणून हा धागा. अंडाशयाचा कॅन्सर तुमच्या घरात कसा कळला, कधी कळला, कोणाच्या लक्षात आला, ते लिहा. उपदेश नकोत.

मी सुरुवात करते. मावशी डिचोलीची, वय ६१. चवथीला गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधताना म्हणाली, परकराची नाडी पुरत नाही. आम्ही हसलो. खरं तर तिचे हात काटकुळे झाले होते, गालफडं बसली होती, फक्त पोट वाढत होतं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. ओवा झाला, आल्याचा रस झाला, ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या. चार महिने गेले. तिचा पॅप स्मिअर दोन वर्षांपूर्वी नॉर्मल आला होता, त्यामुळे ‘खालचं सगळं तपासलंय’ या भरवशावर ती होती, आणि मीही. ती तपासणी गर्भाशयाच्या मुखाची असते, अंडाशयाचं त्यात काही कळत नाही, हे मला सोनोग्राफीत पोटभर पाणी दिसल्यावर समजलं. तिसरी स्टेज. आधी तीन केमो, मग ऑपरेशन, मग आणखी तीन. आता पेज जेवते, भांडते. पुढचं पुढे.

फोंड्याहून

मी शिक्षिका, तेव्हा ४४ वर्षांची. माझं पोट वगैरे काही नव्हतं, लघवीचा त्रास होता. एका तासिकेत दोनदा वर्ग सोडायचा म्हणजे मुलंही खुसूखुसू हसतात. पणजीला जाणाऱ्या कदंब बसमध्ये चढायच्या आधी स्टँडवर जायचं, उतरल्यावर पुन्हा. लघवीची तपासणी स्वच्छ, तरी अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. मग मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्रासाच्या दिवशी टिंब द्यायला लागले. महिन्यात १७ टिंबं. हे घेऊन गायनॅककडे गेले. मी बोलत होते तेव्हा बाई लिहीत होत्या, कॅलेंडर पाहिल्यावर पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हे त्रास नवीन असतील आणि महिन्यात बारापेक्षा जास्त दिवस होत असतील तर सोनोग्राफी करायचीच. डाव्या अंडाशयात गाठ. ती न फोडता अख्खी काढली, कारण फुटली तर पेशी पोटात सांडतात. पहिली स्टेज निघाली. मी हुशार होते म्हणून नव्हे, माझी गाठ मूत्राशयाला टेकली होती म्हणून मला कळलं. नशीब!

वास्कोहून

माझी गोष्ट उलटी आहे. पोटात पाणी, ताप, वजन उतरलेलं आणि रक्ततपासणीतला सीए-१२५ चा आकडा चारशेच्या वर. नॉर्मल ३५ पर्यंत असतं, हे मी लॅबच्या दारातच मोबाईलवर वाचलं आणि घरी येऊन मुलीच्या नावावर दागिने लिहायला बसले. दुर्बिणीतून तुकडा काढला तर पोटाचा टीबी! सहा महिने गोळ्या घेतल्या, ठणठणीत आहे. तो आकडा टीबीत वाढतो, एंडोमेट्रिओसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर वाढतं त्यात) वाढतो, पाळीतही थोडा वाढतो. रिपोर्ट घेऊन आधी डॉक्टरकडे जा, मग काय ते रडा.

म्हापशाहून

मी नर्स आहे. वरच्या ताईंना जोड. पहिल्या स्टेजच्या साधारण निम्म्या बायकांत सीए-१२५ नॉर्मलच असतं. त्यामुळे ‘वर्षातून एकदा करून घेते’ म्हणणारीला मी सरळ सांगते, त्रास नसेल तर पैसे वाचव. ब्रिटनमध्ये दोन लाखांवर बायकांना वर्षानुवर्षे अशा तपासण्यांत ठेवून पाहिलं. २०२१ साली निकाल आला की मृत्यू काही कमी झाले नाहीत. स्तनासाठी मॅमोग्राफी आहे तशी त्रास नसताना रोग हुडकणारी चाळणी याला नाहीच. उरतं काय, तर आपलं शरीर आणि समोरच्याचे कान. पाळी गेल्यावर नवीनच सुरू झालेला ‘गॅस’ मी तरी गॅस मानत नाही.

मडगावहून

पुरुषाने लिहिलं तर चालेल ना? आई ५२ व्या वर्षी याच रोगाने गेली. तिच्या मावशीला स्तनाचा कॅन्सर होता, हे आम्हाला बाराव्याला एका म्हाताऱ्या नातेवाईक बाईंकडून कळलं. बायकांची दुखणी आमच्या घरात स्वयंपाकघराबाहेर येत नसत. ताईची रक्ताची जीन तपासणी झाली, बीआरसीए-१ नावाच्या जीनमध्ये दोष. अशा शंभर बायकांतल्या चाळीसेक जणींना आयुष्यात कधीतरी हा कॅन्सर होतो. तिला दोन मुलं आहेत, ३९ व्या वर्षी तिने नळ्या आणि अंडाशयं काढून घेतली. पाळी एका दिवसात बंद, घामाने रात्र रात्र जागते, पण पस्तावत नाही म्हणते. मीही तपासलं तेव्हा मित्र हसले, ‘तुला कुठं अंडाशय?’ माझ्यातही तोच दोष आहे. मला मुलगी आहे, नऊ वर्षांची, तिच्यातही तो उतरलेला असू शकतो. मोठी झाली की तिला सांगायचं आहे. कसं, ते कोणी केलं असेल तर लिहा.

साखळीहून

हे सगळं सासूबाईंना वाचून दाखवत होते. मध्येच म्हणाल्या, ‘म्हजें पोट तीन म्हयने जड दिसता.’ तीन महिने! सोमवारची सोनोग्राफी घेतलीय. पाणी पिऊन न्यायचं का?

फोंड्याहून, पुन्हा

पोटावरून करणार असतील तर भरपूर पाणी पाजा. आतून करणार असतील तर लघवी करवून न्या. आधी फोन करून विचारा, नाहीतर माझ्यासारखं दोन तास पाय आवळून बसायचं आणि आत गेल्यावर बाई म्हणणार, जाऊन या. आणि कॅलेंडर न्या.