नववीत गेल्यावर मैदान बंद करायचं का?

मानेवाड्याची आई:
मुलगा नववीत आहे. सहावीपासून खो-खो खेळायचा, जूनमध्ये आम्हीच बंद केलं कारण मॅथ्स-सायन्सची ट्युशन नेमकी संध्याकाळी, आणि तेव्हापासून घरात दार आपटणं, ताट सरकवणं, बहिणीवर ओरडणं हेच चालू आहे. रागीट आधीपण होता पण ग्राउंडवरून आला की शांत असायचा. चूक आमची झाली असं मला वाटून राहिलं.

महालवाले बाबा:
नाही पटत ताई. या वयात पोट्टे चिडतातच, त्यात खो-खोचा काय संबंध? माझ्या पोरीला कथक, अबॅकस, स्केटिंग सगळं लावलं होतं, रात्री नऊला जेवता जेवता रडायची. दोन क्लास सोडले, झोप वाढली, तेव्हा कुठे हसायला लागली. पोरांना रिकामा वेळ द्या.

ग्राउंडवाला दादा:
बाबा, क्लास वेगळा अन् मैदान वेगळं. खो-खोत आठ जण बसलेले असतात, एकाआड एक उलट्या दिशेला तोंड करून. पळणारा हातभर अंतरावरून जातो, तरी मागून खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही, उठलं की फाऊल. अंग उसळत असताना बसून राहायचं, तेही रोज, कितीतरी वेळा. हे लेक्चर देऊन येत नाही. मेंदूचा आवर घालणारा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो म्हणतात, मग सराव आता नाही करायचा तर कधी?

धंतोलीची टीचर:
सराव ठीक, पण कोच कसा आहे ते कोणीच बोलत नाही. माझा भाचा मॅच हरल्यावर रडला तर सगळ्यांसमोर त्याला "पोरीसारखा रडू नको" ऐकावं लागलं. आता तो रडत नाही, पण बोलतपण नाही. हे दाबणं झालं, सांभाळणं नाही! आपल्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ मध्ये कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकली अन् आईच्या गळ्यात पडून रडली. डाव चालू असताना डोकं थंड, संपल्यावर मोकळं रडणं, दोन्ही एकाच पोरीत.

महालवाले बाबा:
टीचर, हे मानलं. तरी पुढच्या वर्षी दहावी आहे, रोजचं ग्राउंड मी तरी नाही सांगणार. आणि ताई, त्याला स्वतःला विचारलं का काय पाहिजे?

मानेवाड्याची आई:
काल रात्री विचारलं. म्हणाला, ट्युशनवरून आल्या आल्या "आज काय शिकवलं" विचारू नको, बस. मी गप्पच झाले. मग बऱ्याच वेळाने स्वतःच म्हणाला, शनिवार-रविवार जाऊ का? जुने शूज लहान झालेत, उद्या सीताबर्डीला जाऊन येतो.