मदत हवी आहे: सणाचं जेवण, आईंची नवी कवळी आणि बाबांचं अर्धवट इम्प्लांट

पानगळ:
सणाला सगळं घर जेवायला जमणार आहे. सासूबाईंना वरची-खालची पूर्ण कवळी नुकतीच बसवली आहे. सासऱ्यांना खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांटचा स्क्रू घातलाय, वरची कॅप अजून बसायची आहे.

दोघांची तऱ्हा उलटी. आई एकट्या असल्या की नीट जेवतात, पण चारचौघांत कवळी सुटेल या धास्तीने आधीच खाऊन घ्यायचं आणि ताटावर नुसतं बसायचं म्हणतात. बाबा म्हणतात, "दुखत नाही, म्हणजे सगळं चालतं." त्यांना सुकामेवासुद्धा हवाय! आईंनी सगळ्यांबरोबर जेवावं आणि बाबांनी जरा आवरावं, यासाठी नेमकं काय करू? 'मऊ खा' एवढं डॉक्टरांनी सांगितलंय. मला त्यापुढचं हवंय.

जुनीकवळी:
आईंना आधी जेवू देऊ नका. भरल्या पोटी ताटावर बसून सगळ्यांना "नको, नको" म्हणत राहणं जास्त अवघड जातं, मी केलंय ते.

पूर्ण कवळीने पुढच्या दातांनी तोडायचं नाही. पुढे दाब पडला की मागची बाजू उचलली जाते, आणि लोकांत फजिती होते ती बहुतेक यामुळेच. ताटातच लहान तुकडे करून द्या. घास छोटा घ्यायचा आणि दोन्ही बाजूंच्या दाढांवर थोडा थोडा ठेवून एकदम चावायचा. ऐकायला विचित्र वाटतं, पण कवळी जागची हलत नाही. सणाआधी दोन-तीन वेळा घरच्यांसमोर असं जेवायचा सराव होऊ द्या. कवळीने चावायचा जोर खऱ्या दातांच्या पावपटच, कधी त्याहूनही कमी असतो. म्हणून आईंना वेळ जास्त लागणार. त्यांना सगळ्यात आधी वाढा आणि "झालं का?" असं कुणी विचारू नका.

दुसरं, याकडे कुणाचं लक्ष जात नाही: वरच्या कवळीने टाळू झाकला जातो. त्यामुळे घास किती गरम आहे, त्यात हाड किंवा काटा आहे का, हे लवकर कळत नाही. गरम पदार्थ आधी ओठाला लावून बघायचा. मासे-मांस त्यांच्या ताटात काटे-हाडं काढूनच वाढा. चिकट गोड पदार्थ तर नकोच, कवळी त्यालाच चिकटून खाली येते.

निवृत्त_दंतवैद्य:
वर सांगितलंय ते बरोबर. चिकटवायची पेस्ट चालेल, पण स्वच्छ कवळीवर थोडीशीच. भरपूर लावल्याशिवाय टिकत नसेल तर कवळीचं माप तपासून घ्या. काही पेस्टमध्ये जस्त असतं आणि वर्षानुवर्षं जास्त वापरलं तर ते नसांना बाधतं. हिरडीला टोचत असेल तर सणाआधीच दाखवा. घरी कानशीने घासू नका, आणि मोडली तर झटपट गोंदाने जोडू नका.

आता बाबा. 'दुखत नाही' हा निकष इथे लागूच होत नाही. खऱ्या दाताच्या मुळाभोवती पातळ तंतूंचा थर असतो, जोर जास्त झाला की तो लगेच सांगतो. इम्प्लांटभोवती तो नसतो, स्क्रूचा धातू, म्हणजे टायटॅनियम, थेट हाडाशी जुळतो. जुळायला साधारण ३ ते ६ महिने लागतात. त्या काळात स्क्रू दाबाने हलत राहिला तर हाडाऐवजी मऊ पेशीजाल भरतं आणि इम्प्लांट सुटतं. तोपर्यंत त्या बाजूने चावायचं नाही. सुकामेवा बारीक पूड करून एखाद्या मऊ पदार्थात घाला, हौसही भागेल. बारीक बिया टाळा, त्या हिरडीच्या कडेला अडकतात. सिगारेट ओढत असतील तर सणाच्या नावाखाली सूट देऊ नका, हाड जुळण्यात तिचा सरळ अडथळा येतो. स्क्रूवरचं तात्पुरतं झाकण सैल वाटलं, रक्त किंवा पू आला, तर सण संपायची वाट बघू नका.

घास अडकला आणि माणूस खोकू शकतोय, तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताने ५ जोरदार थापा मारा, मग बेंबीच्या वर ५ वेळा आत आणि वर असा दाब द्या. हे आलटून पालटून चालू ठेवा आणि कुणाला तरी रुग्णवाहिका बोलवायला लावा.

पानगळ:
खूप आभार, पूड करायची युक्ती बाबांना पटली! आणखी एक. जेवणानंतर आईंना कवळी धुवायची असते, पण न्हाणीघराबाहेर रांग असते.

जुनीकवळी:
त्यांच्या खोलीत आधीच झाकणाचा डबा, साधं पाणी आणि मऊ ब्रश ठेवा. गरम पाणी नको, कवळी वाकडी होते. टूथपेस्टही नको, चरे पडतात. धुताना खाली पाण्याचं भांडं किंवा जाड टॉवेल ठेवा. ओल्या हातातून ती निसटतेच, आणि फरशीवर पडली की तुकडे. रात्री काढून पाण्यात ठेवायला विसरू नका म्हणावं.