मदत हवी आहे: खिडकीत सौर काच बसवली तर आईला धाग्याचा रंग नीट दिसेल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. गच्चीवर आमचा हक्क नाही, त्यामुळे छतावरच्या पॅनेलचा विषयच मिटला. हॉलला पश्चिमेकडे सहा बाय चारची खिडकी आहे. उन्हाळ्यात दुपारी दोननंतर तिथं बसवत नाही, आणि नेमकं तिथंच आईचं शिलाई मशीन. गेली बावीस वर्षं ती त्याच जागी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते.

एका विक्रेत्याने वीज तयार करणारी अर्धपारदर्शक काच सुचवली. सगळं घर त्यावर चालेल म्हणाला. मी हिशेब मांडला. २४ चौरस फूट म्हणजे साधारण २.२ चौरस मीटर. चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि ८ टक्के कार्यक्षमता धरली, तर १७५ वॅटच्या आसपास. उभ्या काचेवर इतकं ऊन कुठलं पडायला? पावसाळा तर सोडूनच द्या. पण दोन पंखे फिरले तरी मला पुरे.

खरी काळजी रंगाची आहे. त्याने आणलेला नमुना तांबूस-तपकिरी होता. आईने त्याच्याआडून मोरपंखी म्हणून निवडलेलं रीळ बाहेर धरल्यावर गडद हिरवं निघालं. ती तेव्हा काही बोलली नाही. रात्री मात्र विचारलं, "मशीन आतल्या खोलीत हलवू काय रे?" तिची ती जागा मला जाऊ द्यायची नाही. रंग न बदलणारी सौर काच मिळते का?

प्रतिसाद १

तो नमुना अमॉर्फस सिलिकॉनचा, म्हणजे काचेवर सिलिकॉनचा पातळ थर दिलेला असणार. तो थर निळा प्रकाश जास्त शोषतो, म्हणून आत येणारा उजेड तांबूस होतो. कॅडमियम टेल्युराइड या दुसऱ्या पदार्थाचा थर असलेली काच मागून बघा. तिच्यावरचा थर लेझरने बारीक रेघांत काढलेला असतो, त्या फटींतून उजेड जसा आहे तसा येतो आणि काच करडी दिसते. अर्थात जितका थर काढला तितकी वीज कमी, हे गणित कुठल्याच प्रकारात चुकत नाही. पेरोव्स्काइट या नव्या प्रकारच्या सौर थराच्या नादी सध्या लागू नका. ओलावा त्याला सोसत नाही, आणि आपल्याकडचा जुलै तुम्हाला माहीतच आहे.

दुसरं, सरकत्या पल्ल्यात ही काच नको, वायर रोज ओढली जाईल. वर बंद भाग असेल तर तेवढाच सौर करा. खाली साधीच काच ठेवून तिला उष्णता अडवणारी बिनरंगी फिल्म लावा. नमुना दुपारी तीनला, रिळांचा डबा समोर घेऊन आईंनाच तपासू द्या.

धागाकर्ता

मनापासून आभार! वर दीड फुटाचा बंद पट्टा आहे. म्हणजे ९ चौरस फूट, त्याच हिशेबाने ६५ वॅटच्या आसपास. उन्हात आईच्या डोक्यावरचा कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा तरी फिरेल. करडा नमुना मागवतो. एवढ्याशा विजेला छोटी बॅटरी लावून तिच्यावर थेट चालणारा डीसी पंखाच घ्यावा, की इन्व्हर्टर परवडेल?