बेचाळिसाव्या वर्षी विज्ञान शिक्षक व्हायचंय: बी.एड., टीईटी, डेमो लेसन

ऐरोलीकर
नमस्कार मंडळी. वय ४२, खुला प्रवर्ग, बी.ई. इलेक्ट्रॉनिक्स (६१ टक्के), सध्या टीटीसी (ठाणे-बेलापूर) औद्योगिक पट्ट्यात नोकरी. आठवी ते दहावीला विज्ञान शिकवायचं पक्कं केलंय. नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून बी.एड. होईल का? पालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत जागा मिळेल? आणि मुलाखतीला डेमो लेसनची (नमुना पाठाची) तयारी कशी करू?

खडूफळा
मुक्त विद्यापीठाचं डोक्यातून काढा. ते बी.एड. डी.एड. झालेल्या किंवा आधीच शिक्षक असलेल्यांसाठी आहे, तुम्ही त्यात बसत नाही. नियमित बी.एड. दोन वर्षांचं. तासांना ८० टक्के हजेरी, इंटर्नशिपला ९०. इंटर्नशिप एकूण २० आठवडे, त्यातले १६ दुसऱ्या वर्षी. शाळेच्या वेळेत शाळेतच असावं लागतं, म्हणजे नोकरी सुटणार. दोन वर्षांचा घरखर्च आणि फी बाजूला काढल्याशिवाय राजीनामा देऊ नका. 'हजेरीचं आम्ही बघतो' म्हणणाऱ्या कॉलेजच्या वाटेला जाऊ नका. पाठ घेऊन घेऊनच हात बसतो.

प्रवेश सीईटीवर, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेवर. १०० प्रश्न, ९० मिनिटं: बौद्धिक क्षमता ४०, सामान्य ज्ञान ३०, शिक्षक अभियोग्यता ३०. चुकीला गुण कापत नाहीत, एकही प्रश्न सोडू नका. इंजिनिअरना ५५ टक्के लागतात, तुमचे आहेत.

सरकारी भरतीत खुल्या प्रवर्गाची मर्यादा ३८ वर्षं आहे, तो रस्ता बंद समजा. विनाअनुदानित मराठी-इंग्रजी शाळा आणि सीबीएसई शाळांकडेच बघा. आठवीपर्यंत शिकवायचं तर टीईटी (राज्याची शिक्षक पात्रता परीक्षा) किंवा सीटीईटीचा (तीच केंद्राची) पेपर दोन: १५० गुण, पैकी ९० हवेत. गणित-विज्ञानाचे ६०, बाकी ९० बालमानसशास्त्र आणि दोन भाषांचे. इंजिनिअर अडकतात ते या बाकीच्या ९० गुणांत.

प्रयोगवही
डेमोला सूत्राने सुरुवात केलीत तर पाठ तिथेच पडला. विद्युतचुंबक घ्या, सामान खिशात मावतं: मऊ लोखंडाचा खिळा, इनॅमलची तांब्याची तार, दीड व्होल्टचा सेल, टाचण्या. आधी २० वेढे द्या, किती टाचण्या उचलल्या ते मुलांकडून फळ्यावर लिहून घ्या. मग ४० वेढे. 'काय बदललं?' हे मुलांच्या तोंडून येऊ द्या.

फसतं ते असं. तारेची टोकं सँडपेपरने खरवडली नाहीत तर इनॅमलमुळे प्रवाहच जात नाही. खिळा पोलादी असला तर तार काढल्यावरही टाचण्या चिकटून राहतात आणि तुमचा मुद्दाच बुडतो. जोडणी पाच सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका. सेल उतरतो, तार तापते, आणि ४० वेढ्यांना २० पेक्षा कमी टाचण्या येतात! तासिका साधारण ३५ मिनिटांची, पण डेमोला बऱ्याचदा दहा-पंधराच मिळतात. एकच संकल्पना घ्या.

आणखी एक: पावसाळ्यात मुलाखत असेल तर कंगवा-कागदाचे कपटे नकोत. आपल्याकडच्या दमट हवेत विद्युतभार टिकत नाही.

ऐरोलीकर
मनापासून आभार. जीवशास्त्र बारावीनंतर पाहिलेलं नाही, त्याचं काय?

खडूफळा
तेच आधी धरा. दहावीचं विज्ञान दोन भागांत, ४०-४० गुणांचे पेपर, दुसऱ्यात भर जीवशास्त्रावर. बालभारतीची सहावी ते दहावीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट आहेत, ओळीने वाचा. आकृत्या हाताने काढा: हृदय, नेफ्रॉन, पेशीविभाजनाचे टप्पे. मुलांकडे पाठ करून उभं असताना, पुस्तकात न बघता, फळ्यावर नेफ्रॉन काढता आला पाहिजे.

प्रयोगवही
आणि खाडीपलीकडे मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. शिक्षकांसाठीचं त्यांचं साहित्य बघा, ऐरोलीहून काही लांब नाही.