दहावीला बीजगणित सगळ्यांना सक्तीचं असावं का?

निफाडची_मावशी
नमस्कार मंडळी, माझा भाचा दहावीला गणितात दुसऱ्यांदा अडकलाय. मराठीत ७१ आहेत, बाकीचे विषय सुटले, गणितात मात्र अंतर्गतचे धरून २२. भूमितीत थोडे तरी पडतात, रचना छान काढतो, पण बीजगणिताचा पेपर हातात आला की हातपायच गळतात त्याचे. हाच पोरगा मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसतो, कॉइलचे वेढे मोजून तार भरतो, एक वेढा चुकत नाही. मग वर्गसमीकरण आलं नाही म्हणून याची दहावीच अडवून धरायची का? आधी बीजगणित-भूमितीऐवजी सोप्या सामान्य गणिताचा पर्याय होता तो बंद केला, सीबीएसईला २०२० पासून बेसिक आणि स्टँडर्ड असे दोन पेपर आहेत, २०१७ साली तर मुंबई हायकोर्टानंच विचारलं होतं की गणित ऐच्छिक करता येईल का. खूप जीव तुटतो हो त्याच्याकडे बघून.

खडू_फळा
मावशी, मी एकोणीस वर्षं नववी-दहावीला गणित शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. बीजगणिताच्या पुस्तकात सहा प्रकरणं आहेत: दोन चलांतील रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे, अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी. लोक म्हणतात ना की बीजगणित काढा आणि व्यवहाराचं शिकवा, तर जीएसटी आणि शेअर्स त्या अर्थनियोजनातच आहेत, ते काढून टाकलं की तेही गेलं.
आणि मुलं नेमकी कुठे अडकतात सांगू? मागच्या वर्षी एका मुलीनं दोन समीकरणं सोडवायची क्रेमरची पद्धत अगदी बरोबर मांडली, आणि शेवटी -३ - ५ ला +८ लिहिलं. का, तर "वजा वजा अधिक". तो नियम गुणाकाराचा आहे, बेरजेला लावला. ही सहावीतली चूक आहे, दहावीपर्यंत तशीच आली, कुणी थांबून बघितलंच नाही. विषय काढला तरी ती चूक पोरांबरोबर राहणारच. तुमच्या भाच्याचा पेपर समोर घेऊन बसा, कुठल्या ओळीला गाडी रुळावरून घसरते ते बघा. माझं मत विचाराल तर दहावीपर्यंत सक्तीचंच राहावं.

वाटेगावकर
मी सामान्य गणितवाला. आम्हाला नववीत शाळेनंच सांगितलं की तुम्ही हे घ्या, सोपं आहे. खरं कारण शाळेचा निकाल शंभर टक्के लागावा हे होतं. मार्क पडले, घरी पेढे वाटले, आणि जूनमध्ये कळलं की अकरावीला सायन्सचं दार बंद. चौदा वर्षांच्या पोराला आणि त्याच्या अडाणी आईबापाला कुणी सांगितलं होतं ते? पर्याय म्हटलं की गरिबाचीच पोरं तिकडे ढकलली जातात, म्हणून मी विरोधात आहे.

मंडप_डेकोरेशन
धंद्यातलं सांगतो. परवा सामान न्यायला दोन टेम्पोवाले, एक म्हणे ८०० ठोक आणि वर किलोमीटरला १८, दुसरा ३०० आणि किलोमीटरला २८. माझा माणूस म्हणाला ३०० वाला स्वस्त. मी बिलाच्या मागे लिहिलं, अंतर क्ष धरू, ८०० + १८क्ष = ३०० + २८क्ष, म्हणजे १०क्ष = ५००, क्ष = ५०. पन्नासच्या आत दुसरा, पुढे गेलं की पहिला. आपल्याला जायचं होतं ७०, २०० रुपये वाचले. शाळेत मला ४१ मार्क होते गणितात, पण क्ष धरायला शिकलो ते आजही रोज कामाला येतं.

सरळ_बोलतो
सगळं पटलं तरी एका पेपरावर पोरांचं वर्ष जातं त्याचं काय? शिकवा सगळ्यांना, पण पास-नापास त्यावर ठेवू नका. २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यात गणितात ३५ ऐवजी २० मार्कांवर गुणपत्रिकेत शेरा मारून पुढे पाठवायचं म्हणत होते, मला ते योग्यच वाटतं, फक्त तो शेरा काय बंद करतो हे पालकांना आधी समजावून सांगा.

निफाडची_मावशी
खडू_फळा ताई, काल रात्री बसले त्याला घेऊन. -७ - ४ लिहून दिलं, त्यानं +११ लिहिलं. मी म्हटलं दुकानात सातशेची उधारी होती, आज आणखी चारशेची केली, आता किती देणं? "अकराशे देणं," म्हणाला, आणि मग स्वतःच खोडून वजा केलं. त्यानंतरची पाच गणितं बरोबर आली. पुरवणी परीक्षेला सहा आठवडे आहेत. सहावीचं पुस्तक कुठे मिळेल आता?

खडू_फळा
बालभारतीच्या साइटवर पीडीएफ फुकट आहे. पूर्णांक संख्या आणि अपूर्णांक एवढंच आधी करा, रोज अर्धा तास. मग श्रेढी घ्या, वर्गसमीकरणाला लगेच हात लावू नका. अडलं तर इथेच त्याच्या वहीचा फोटो टाका, मी बघते.