‘रक्तातच असतं’ म्हणणाऱ्यांनो, जरा इकडे या

महालकर :
नागपुरातल्या आमच्या वस्तीच्या ग्रुपवर परवा सीसीटीव्हीची क्लिप आली. तीन पोट्टे रात्री उभ्या गाड्यांच्या काचा फोडत चाललेत. खाली मजकूर : ‘हे रक्तातच असतं. मानसशास्त्र म्हणजे गुन्हेगारांना सोडवायची थेरं. चौकात उलटे टांगा.’ त्यावर टाळ्याच टाळ्या. मी उत्तर दिलं तर ॲडमिननं उडवलं, म्हणून इथं सविस्तर.

रक्ताची ही गोष्ट जुनी आहे. इटलीच्या लोम्ब्रोसोनं 1876 मध्ये कवट्या-जबड्यांवरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो असं सांगितलं. त्याआधीच, 1871 मध्ये, इंग्रजांनी आपल्याकडे अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवून टाकल्या होत्या. तो कायदा 1952 ला गेला, तरी कुठं चोरी झाली की अजूनही संशयाचं बोट आधी पारधी बेड्याकडे जातं.

टेरी मॉफिट या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1993 मध्ये फरक मांडला. कोवळ्या वयात मारामाऱ्या-चोऱ्या करणाऱ्यांपैकी बहुतेक जण विशी-पंचविशीत आपसूक थांबतात. लहानपणी सुरू होऊन पुढे सुटतच नाही, असे थोडे. त्यांच्यात मेंदूच्या वाढीतली उणीव, घरातली मारझोड, शाळेतलं अपयश एकमेकांत गुंतलेलं असतं. मग बहुतेक जण थांबणारच असतील, तर आपण त्यांना थांबू देतो का? चौदा-पंधराव्या वर्षी नाव एकदा ‘रेकॉर्ड’वर चढलं की कामाला कोण ठेवतं, सांगा.

निवृत्त हवालदार :
भाऊ, पोटात चाकू गेलेल्या पोराच्या घरी पंचनाम्याला मी जात होतो. त्याच्या आईले मेंदूची वाढ समजावून सांगू? ती एकच विचारते, ‘तो सुटणार तर नाही ना?’ तुम्ही सगळे मारणाऱ्याच्या बालपणाबद्दल बोलून राहिले, मरणाऱ्याच्या बालपणाबद्दल कोणीच नाही.

आणि साधा उपाय विचाराल तर आधी तडीपारी नीट राबवा. तडीपार केलेलं पोट्टं रात्री ट्रकमध्ये बसून परत येते, घरी जेवते, सकाळी त्याच पानठेल्यावर उभं असते. साऱ्या मोहल्ल्याले माहीत, फक्त कागदावर ते जिल्ह्याबाहेर.

संत्रानगरी :
हवालदारसाहेबांशी सहमत. शाळेतल्या वांड पोरांना वर्धा रोडच्या सेंट्रल जेलची एक फेरी घडवा. कोठड्या बघूनच सुधारतील.

महालकर :
हे करून झालंय. अमेरिकेत 1970 च्या दशकात असे कार्यक्रम निघाले. कैदी पोरांवर ओरडायचे, तुरुंगातल्या गोष्टी सांगून घाबरवायचे. पुढे नीट तुलना केली तेव्हा नेलेल्या पोरांनी न नेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केले. त्या वयात तुरुंग बघून आलेला पोरगा मित्रांत मोठा होतो.

पंचनाम्याबद्दल म्हणाल तर कारण सांगणं आणि माफ करणं या दोन गोष्टी आहेत. मी शिक्षा नको म्हटलेलंच नाही.

जरीपटका :
तडीपारीचा विषय काढलाच आहे तर ऐका. माझा आतेभाऊ. मारामारीच्या केसेस होत्या, नाकारत नाही. पण त्या वर्षी तो वेल्डिंगच्या दुकानात लागला होता. हातावर ठिणग्यांचे डाग, शनिवारी पगार आत्याच्या हातात. तेव्हाच जुन्या केसेसवरून नोटीस आली आणि त्याले जिल्ह्याबाहेर काढलं. दुसऱ्या गावात खोली कोण देईल? ओळखीचं कोणीच नाही. दारूच्या धंद्यावाल्यानं मात्र पहिल्याच आठवड्यात जागा दिली. इथं असताना तो भांडखोर होता, तिथं जाऊन गुन्हेगार झाला. काहून बरं?

वकीलीणबाई :
कायद्यापुरतं सांगते. तडीपारी म्हणजे महाराष्ट्र पोलीस कायदा 1951, कलम 56. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. साक्षीदार जीव-मालमत्तेच्या भीतीनं उघडपणे पुढे येत नाहीत, म्हणून ही तरतूद आहे. ती भीती खोटी नसते.

निवृत्त हवालदार :
तेच तर! कस्तुरबानगर विसरले सारे? तिथल्या अक्कू यादव या गुंडाच्या दहशतीनं बायांनी वर्षानुवर्षं तोंड दाबून सहन केलं आणि 13 ऑगस्ट 2004 ला कोर्टातच त्याले संपवलं. तिथं कोणती थेरपी चालली असती?

वकीलीणबाई :
कस्तुरबानगरातल्या बायका तक्रारी करत होत्या, त्यांचं ऐकणारं कुणी नव्हतं. तुमच्या खात्याला हे टोचेल, पण लिहिणार. शिक्षा किती कडक यापेक्षा पकडलं जाण्याची खात्री माणसाला जास्त रोखते, हे गुन्हेशास्त्रातलं बऱ्यापैकी पक्कं निरीक्षण आहे. देशातल्या तुरुंगांत चारातले तीन कच्चे कैदी. निकालच लागत नसेल तर वचक कशाचा?

निवृत्त हवालदार :
खात्यावर घसरू नका. एका ठाण्यात माणसं किती आणि बंदोबस्त किती, कधी मोजलं?

महालकर :
भांडू नका, एक ठोस गोष्ट घ्या. लायबेरियात, मनरोव्हियातल्या चोऱ्या-अमली पदार्थांच्या धंद्यातल्या 999 तरुणांवर प्रयोग झाला. काहींना आठ आठवडे गटात बसवून राग आवरणं, पुढचा विचार करणं, अंगावर नीट कपडे घालून दुकानात-बँकेत जाऊन बोलणं शिकवलं. काहींना 200 डॉलर दिले, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. दोन्ही मिळालेल्यांचे गुन्हे दहा वर्षांनंतरही जवळपास निम्मे होते. नुसत्या पैशाचा असर टिकला नाही.

संत्रानगरी :
म्हणजे गाड्या फोडा आणि रोख बक्षीस घ्या. माझी काच कोण भरून देणार? विमावाल्यानं हात वर केलेत.

जरीपटका :
बक्षीस कशाले म्हणता? विजय बारसे सरांनी 2001 पासून आपल्याच नागपुरात झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला. कोणी विचारलं नाही की पोट्ट्यांनी काय पुण्य केलं.

निवृत्त हवालदार :
बारसे सरांबद्दल दुमत नाही. लायबेरियाचंही ठीक, पंधरा-सोळाच्या पोरांसाठी करून पाहा म्हणतो. पण पंचविशीतला सराईत आठ आठवडे गोल करून बसेल, हे मी मानणार नाही.

महालकर :
त्या प्रयोगात पोरं नव्हती, साहेब. सरासरी वयच पंचविशीचं होतं.

वकीलीणबाई :
आणि जरीपटका, कलम 62 खाली तात्पुरतं परत यायची परवानगी मागता येते. बहुतेकांना कुणी सांगतच नाही.

जरीपटका :
मागितली होती, मॅडम. आत्याचं ऑपरेशन होतं. उत्तर आलं तोवर तिचे टाकेही निघाले होते. परवानगीशिवाय आला असता तर पुन्हा आत, म्हणून तो फोनवरच बोलत बसला.

निवृत्त हवालदार :
अर्जाची पोच आहे का? असेल तर मले मेसेज करा, कोणाले भेटायचं ते सांगतो. तडीपारी मात्र हवीच. तुमच्या भावाच्या गल्लीत ज्यांनी मार खाल्ला, ते या धाग्यावर लिहायले आलेले नाहीत.