हॉट टब: आरसीसीबी पडतो, एचएफएल येतं, पाण्यावर फेस. दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

पवनाकाठ:
पवनानगरजवळच्या बंगल्यात पाच जणांचा अ‍ॅक्रिलिक टब आहे. चार वर्षं जुना, पाणी साधारण १२०० लिटर, टब चालवणारा बाल्बोआ कंपनीचा बोर्ड, ३ किलोवॉटचा हीटर, २ एचपीचा पंप. पाणी बोअरचं. वापर शनिवार-रविवार. रविवारी निघताना एमसीबी खाली करतो आणि झाकण लावतो. पाणी आतच राहतं, कधी दोन आठवडे तर कधी महिनाभर. क्लोरीनसाठी टीसीसीएची गोळी तरंगत्या डब्यात असते.

सध्याचे त्रास असे:
१. चालू केल्यावर वीसेक मिनिटांत पॅनेलवर एचएफएल हा एरर कोड दिसतो आणि हीटर बंद होतो.
२. परत चालू केला की कधी कधी आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो. नुसते जेट चालवले तर पडत नाही.
३. दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ होतं, जेट लावले की बोटभर फेस.

वायरमन म्हणतो, आरसीसीबी नाजूक आहे, तो वगळून हीटर डायरेक्ट करून देतो. करू द्यावं का? की टबच बदलावा?

तारजोड:
डायरेक्ट अजिबात करू देऊ नका. ओल्या अंगाने पाण्यात बसलेल्या माणसाला वाचवणारी मुख्य गोष्ट आरसीसीबीच आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडतोय म्हणजे तेवढा करंट वाट सोडून जमिनीत जातोय. उलट आरसीसीबीवरचं टेस्ट बटण दाबून तो खरंच पडतो का, हे दर महिन्याला बघत जा.

फक्त हीटर लागल्यावर पडतो, याचा अर्थ बहुतेक एलिमेंट (हीटरची तापणारी सळई) करंट गळतंय. खात्री अशी करा. मेन बंद करा, टेस्टरने सप्लाय नाही हे बघा, मग हीटरच्या दोन्ही तारा बोर्डापासून सोडवून त्यांची टोकं नीट टेप करा. टब चालू करा. तासभर आरसीसीबी टिकला तर दोष हीटरचाच. तरीही पडला तर ओझोनेटरचा (पाण्यात ओझोन सोडणाऱ्या यंत्राचा) प्लग काढून बघा, मग पंप. पंपाच्या शाफ्टचं सील गेलं असेल तर मोटरच्या पुढच्या तोंडाखाली ओल आणि पांढरा क्षार दिसतो. पावसाळ्यात बोर्डाचा डबाही उघडून बघाच. मुंग्या आणि पाली तिथे उबेला येतात, रिलेच्या पायांवर चिरडलेली पाल सापडणं नवीन नाही.

सुटलेल्या एलिमेंटच्या दोन टोकांमध्ये रेझिस्टन्स १७ ते १८ ओहम यायला हवा (२३० गुणिले २३० भागिले ३०००). मग टोक आणि हीटरची स्टीलची नळी यांच्यामध्ये ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) बघा. १ मेगओहमपेक्षा कमी आलं तर एलिमेंट बदला. साध्या मल्टीमीटरवर विसंबू नका, त्याच्या बॅटरीच्या दाबाला बारीक तडा कळत नाही. आणि तारा बोर्डाला जोडलेल्या असताना मेगर फिरवू नका, बोर्ड जाईल.

टबला मीटरपासून वेगळी ६ स्क्वेअर एमएमची तांब्याची लाइन आहे ना? हीटर १३ अँपिअर, पंप ७-८, दोन्ही एकदम चालतात. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडत असेल तर तोही बघून घ्या.

निवळी:
तुमच्या त्रासांचं मूळ बहुतेक पाण्यातच आहे. आधी एचएफएलबद्दल. हीटरमधून पाणी हवं तेवढं वाहत नाही, असं बोर्ड सांगतोय. फिल्टर पूर्ण काढून टब चालवा. एरर गेली तर फिल्टर गच्च आहे. नाही गेली तर पाणी फिल्टरच्या तोंडाच्या वर आहे का बघा, मग पंपाची वरची युनियन (पाइपजोड) अर्धा आटा सैल करा. फुस्स करून हवा निघेल, पाण्याची धार लागली की आवळा. पंप बंद ठेवूनच. एवढं करूनही एरर राहिली तर हीटरची नळी उघडा. मला वाटतं, आत एलिमेंटवर अंड्याच्या कवचासारखा थर बसलेला दिसेल. त्या थराने पाण्याची वाट अडते, एलिमेंटची उष्णता बाहेर पडत नाही, तो आतल्या आत तापतो आणि आवरणाला तडा जातो. तिथून करंट गळतो आणि आरसीसीबी पडतो.

पाण्याची हार्डनेस (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण) आणि अल्कलिनिटी (आम्ल पचवायची ताकद) थेंबांच्या किटने मोजून इथे टाका. आरओवाल्याचं टीडीएस मीटर यासाठी चालत नाही, त्यात मीठही मोजलं जातं.

टीसीसीएची गोळी आजच बाहेर काढा. ती मोठ्या तलावासाठी असते आणि तीव्र आम्लधर्मी असते. पंप बंद असताना डबा एकाच जागी उभा राहतो, गोळी तिथेच विरघळते आणि खालचं अ‍ॅक्रिलिक पांढरं पडतं. तिच्या जागी ब्लीचिंग पावडरही नको, तिने कॅल्शियम आणखी वाढतं. आणि या दोन वस्तू एका डब्यात, एका चमच्याने कधीही हाताळू नका, आग लागते.

वापरायचं ते एसडीआयसी, म्हणजे डायक्लोरचे दाणे, ५६ टक्केवाले. १२०० लिटरला ११ ग्रॅम टाकले की क्लोरीन ५ पीपीएम (लिटरला ५ मिलिग्रॅम) वाढतं. बसण्याआधी ३ ते ५ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.६ हवा, बाहेर पडल्यावर पुन्हा डोस. डायक्लोरने सायन्युरिक आम्ल साठत जातं आणि क्लोरीन मंदावतं. त्यामुळे पहिल्या काही डोसांनंतर सुगंध-रंग न घातलेलं ताजं हायपो (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण) घ्या. १० टक्क्यांचं असेल तर ६० मिलीत तेवढंच काम होतं. उन्हात ठेवलेला कॅन मात्र महिन्या-दोन महिन्यांत निम्मा मरतो.

पवनाकाठ:
मोजलं. हार्डनेस ४२० पीपीएम, अल्कलिनिटी ३१० पीपीएम, पीएच ८.२. मेगरवर ०.०५ मेगओहम. नळी उघडली, थर बोटाने सोलता येतो एवढा जाड आहे. नवं एलिमेंट मागवतो. सॉफ्टनर बसवला की पाण्याचा प्रश्न सुटेल का? आणि टब तापायला बारा-तेरा तास लागतात, तेही एलिमेंटमुळेच का?

निवळी:
सॉफ्टनरने अर्धाच सुटेल. सॉफ्टनर कॅल्शियम काढून सोडियम देतो, अल्कलिनिटी तशीच ३१० राहते. जेट लावले की पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि अल्कलिनिटी जास्त असली की पीएच पुन्हा पुन्हा वर चढतो. पीएच ८ च्या पुढे गेला की क्लोरीन नावालाच उरतं.

तुमच्या भागात सोपा उपाय पाऊस आहे. पत्र्याचं पहिलं पाणी सोडून दिलेलं, गाळलेलं पावसाचं पाणी साठवा. दोन भाग पाऊस आणि एक भाग बोअर घेतलं की हार्डनेस १४० च्या आणि अल्कलिनिटी शंभरीच्या आसपास येते. हवी त्याच्या जवळपास: हार्डनेस १५० ते २५०, अल्कलिनिटी ८० ते १२०. पाऊस नसेल तेव्हा त्याच प्रमाणात आरओचं पाणी. अल्कलिनिटी कमी भरली तर १२०० लिटरला २० ग्रॅम खाण्याचा सोडा १० पीपीएम वाढवतो. जास्त असेल तर ३० ग्रॅम सोडियम बायसल्फेट १० पीपीएम उतरवतं. एका वेळी एकच डोस द्या, अर्धा तास फिरवा, मग पुन्हा मोजा.

फेसाचं कारण मात्र अंगावरून येतं. डोक्याचं खोबरेल तेल, सनस्क्रीन, स्विमिंगच्या कपड्यात राहिलेला साबण. टबात उतरण्याआधी साबण लावून आंघोळ आणि कपडे नुसत्या पाण्यात खळबळून काढणं, एवढ्याने फेस निम्म्यावर येतो. फेस मारायचं औषध फेस बसवतं, तेल पाण्यातच राहतं.

फिल्टर दर आठवड्याला पाण्याच्या धारेखाली धुवा, एकेक घडी उघडून. प्रेशर वॉशर नको, कापड फाटतं. महिन्यातून एकदा रात्रभर आधी तेल काढणाऱ्या क्लीनरमध्ये, नंतरच क्षार काढायला सौम्य आम्लात. क्रम उलटला तर तेल कापडात पक्कं बसतं. दोन संच ठेवा.

तारजोड:
बारा-तेरा तासांचं कारण व्होल्टेज असणार. १२०० लिटर पाणी २२ वरून ३९ अंशांवर न्यायला सुमारे २४ युनिट लागतात, म्हणजे ३ किलोवॉटला आठ तास आणि वर थोडी गळती. पण लाइनला १८० व्होल्टच येत असतील तर तोच हीटर १.८ किलोवॉट देतो, मग तेरा तास. हीटर चालू असताना टबच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. मीटरजवळ २२५ आणि टबपाशी १९५ असेल तर तुमची वायर बारीक आहे.

नवा टब घ्यायची गरज नाही. शेलला तडा असेल किंवा गळतीने आतला फोम भिजून जड झाला असेल तरच बदला. कधी घ्याल तेव्हा प्लेटवर ५० हर्ट्झ लिहिलंय का ते आधी बघा. ६० हर्ट्झचा अमेरिकन पंप इथे सहाव्या भागाने हळू फिरतो, जेट मिळमिळीत होतात आणि मोटर तापते. आणि गच्चीवर ठेवायचा विचार असेल तर भरलेला टब माणसांसकट दोन टनांच्या आसपास जातो, म्हणजे चौरस मीटरला साडेचारशे-पाचशे किलो. घराचा स्लॅब साधारण दोनशे धरून बांधलेला असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय नाही.

निवळी:
एक राहिलं, आणि ते सगळ्यात महत्त्वाचं. एमसीबी पाडून पाणी आत ठेवणं बंद करा. पाणी थंड होत ३०-३५ अंशांवर रेंगाळतं, क्लोरीन संपतं आणि जेटच्या पाइपात बुळबुळीत थर धरतो. त्यात सुडोमोनास आणि लिजिओनेला वाढतात. पहिल्याने अंगावर पुरळ उठतं, दुसरा जेटच्या फवाऱ्यातून श्वासात जाऊन न्यूमोनिया देतो. एक तर टब चालू ठेवा, फिल्टर सायकल दिवसातून दोनदा दोन-दोन तास, आणि दर तीन-चार दिवसांनी कोणीतरी क्लोरीन मोजून टाकेल अशी व्यवस्था करा. नाहीतर पूर्ण रिकामा करा. तुमच्यासाठी दुसरंच बरं.

यावेळी रिकामा करण्याआधी पाइप साफ करायचं लाइन क्लीनर टाका, फिल्टर बाहेर काढून जेट तासभर चालवा. जो तपकिरी चोथा वर येईल तो पुसून काढा, मग पाणी सोडा, साध्या पाण्याने एकदा फिरवून तेही सोडा. शेवटी वेट-ड्राय व्हॅक्यूमने एकेक जेट ओढून कोरडा करा आणि झाकण थोडं उघडं ठेवा. हे पाणी सेप्टिक टँकमध्ये सोडू नका. सोडण्याआधी टबातच झाकण काढून दोन दिवस उन्हात ठेवा, क्लोरीन शून्य दिसलं की शोषखड्ड्यात सोडा.